उशाशी दुनाळी

हिंगोली जिल्ह्यात हळद पिकवणारे पुष्कळ, सोयाबीन पेरणारे त्याहून पुष्कळ. पण बंदुकीचा परवाना असलेला माणूस गावात एखादाच असतो आणि तो आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. टपरीवर चहा येईस्तोवर त्याच्या बोलण्यात रानडुक्कर येतं, चहा आला की बारा बोअर येते आणि कप खाली ठेवायच्या आत 'एकदा काय झालं' सुरू होतं. आमचे नाना याच जातीतले. औंढा ते वसमत या पट्ट्यात कुठल्याही गावात उतरा, नाना भेटतील. नाव वेगळं असेल, मिशी तीच असेल.

नानांची बंदूक दुनाळी. बारा बोअर म्हणजे काय, असं कुणी विचारलं तर नाना सांगतात, "एका बारात बारा माणसं." मास्तरांनी एकदा पारावर खरा हिशेब सांगून पाहिला. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातल्या एका गोळीची जेवढी जाडी, तेवढा नळीचा व्यास. नानांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, तुमी शिसं तोलत बसा. डुक्कर थांबतंय का तवर?"

परवाना वडिलांच्या वेळचा, पीकसंरक्षणाचा. वडील गेल्यावर तो नानांच्या नावावर झाला. नानांच्या मते मात्र बंदूक रझाकारांच्या काळातली आहे आणि वडिलांनी तिच्या धाकावर आख्खी तुकडी वेशीवरून परत लावली. निजामाची राजवट 17 सप्टेंबर 1948 ला संपली. परवान्याच्या पुस्तकातला पहिला शिक्का त्याच्या पुढं कितीतरी वर्षांनी पडलाय. पण दरसाल मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की नाना शाळेच्या ओट्यावर बसतात आणि त्या तुकडीत आणखी काही रझाकार भरती होतात. सरकारी रायफली इच्छापूरच्या कारखान्यात बनतात, हेही त्यांनी कुठंतरी ऐकलं. ते इच्छापूर बंगालात आहे. नानांनी ते पैनगंगेवरचं आपलं इसापूर धरलं आणि धरणाच्या भिंतीजवळ कुणाला फिरकू का देत नाहीत, याचा त्यांना उलगडा झाला. "आत कारखाना हाय, सांगत न्हाईत," असं ते कळमनुरीच्या बाजारात हळू आवाजात सांगतात.

एवढं असून बंदूक वाजत मात्र नाही. डुकरावर झाडावी तर वनखात्याची परवानगी लागते. ती आणीपर्यंत डुकरं शेत उकरून पुढच्या शिवारात गेलेली असतात. पूर्वी भावकीतल्या लग्नात नवरदेवाची मिरवणूक निघाली की नाना दोन बार काढायचे. 2019 साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि आनंदाच्या भरात, दुसऱ्याच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्हीही, असं कलम आलं. त्याच दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली. नानांनी दोन्ही बातम्या एकत्र करून अर्थ लावला, "सरकारचा मपल्यावर भरोसा वाढला, नवरदेवावरला उडाला." पण व्हायचं ते झालंच. दिवसा बंदुकीला काम उरलं नाही, म्हणून नानांनी तिला रात्रपाळी लावली.

ही रात्रपाळी बघण्यासारखी असायची. जेवणं झाली, बातम्या झाल्या, की नाना ओसरीवरच्या खुंटीवरून बंदूक काढत. बाजेवर मांडी घालून बसत आणि जुन्या धोतराच्या फडक्यानं नळ्या पुसत. वरून खोबरेल तेलाचं बोट फिरे, तेच बोट नंतर मिशीवर. मग बंदूक मोडून आत दोन काडतुसं जात, खडकीच्या कारखान्यातली, शक्तिमान छापाची. काडतुसं नेहमीची तीच दोन. रात्री आत जायची, सकाळी बाहेर यायची, वर्षानुवर्षं. त्यांच्या बुडाचं पितळ देवघरातल्या लोटीपेक्षा लख्ख झालं होतं. मग बंदूक मिटताना 'खट्' असा आवाज व्हायचा. तो झाला की आत सून टीव्ही बारीक करायची, शेजारची म्हातारी दाराला कडी लावायची आणि गल्लीतलं कुत्रं उठून पलीकडच्या गल्लीत झोपायला जायचं.

आता तिला ठेवायची कुठं आणि तोंड कुणीकडं करायचं, हा प्रश्न. नानांच्या घरात चारी दिशांना कुणी ना कुणी आहे. उगवतीला देवघर, दक्षिणेला शेजाऱ्याची परसदारची भिंत, उत्तरेला चूल, मावळतीला नानींचं अंथरूण. बऱ्याच विचारानंतर नानांनी दस्ता उशीखाली आणि नळ्यांचं तोंड पायाकडं, असा निकाल लावला. पायथ्याशी कुणी झोपत नाही, हे त्यांचं म्हणणं. पाय कुणाचे आहेत, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. नानींच्या आलं. पण त्यांनी वाद घातला नाही. पहिल्या वर्षी अंथरूण माजघरात नेलं, दुसऱ्या वर्षी बळदाच्या भिंतीपलीकडं. "भिंत दीड हात जाड हाय," त्या शेजारणीला सांगत, "मी इतीनं मोजली."

मच्छरदाणीचं वेगळंच. बंदूक उशाशी घेऊन मच्छरदाणी खोचता येत नाही, नळ्या बाहेर राहतात. म्हणून पायाकडची कड नाना उघडी ठेवत. चोर आला तर तयारी पूर्ण होती. डास मात्र रोज येत.

बाकीच्या घरानं या बंदोबस्ताची सवय करून घेतली होती. रात्री कुणाला पाण्याला उठायचं झालं तर आधी आवाज द्यायचा, "नाना, मी हाव, पाणी प्यायला उठलाव." परत येताना पुन्हा, "नाना, पिलं पाणी." सुनेला न्हाणीघराकडं जायचं तर ती आधी बांगड्या वाजवी, मग खोकत खोकत जाई. जावई एकदा पुण्याहून ट्रॅव्हल्सनं आले आणि रात्री तीनला वसमतला उतरले. गावात पोचून दाराशी उभे राहिले, पण कडी वाजवली नाही. दारात उभ्या उभ्या आधी सासऱ्यांना फोन लावला, तो उचलला गेला नाही. मग मेव्हण्याला लावला, त्यानं "मी सांगेस्तोवर हलू नका" म्हटलं. जावई उजाडेपर्यंत बैलांच्या गोठ्यात बसून होते. नानांना सकाळी कळलं तेव्हा त्यांची छाती फुगली. "बगा, मपल्या घरात रातच्याला चिमणी शिरत न्हाई."

चिमणीचं माहीत नाही, पण चोर शिरला असता तर त्याला बराच धीर धरावा लागला असता. नानांचा चष्मा देवळीत असतो. कानाचं मशीन कपाटात, डबीत. दातांची कवळी पेल्यात. म्हणजे चोरानं आधी नानांना हलवून उठवायचं, मग कानात मशीन घालेपर्यंत थांबायचं, मग 'कोण हाय' या प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि चष्मा येईपर्यंत उजेडाच्या बाजूला उभं राहायचं. नानांचं गणित नेमकं उलट. "चोर काय किल्ली हुडकू देतोय? हात घातला की बंदूक हाताला लागली पाहिजे." हात घातला की बंदूक लागते, हे खरंच. पण हात घालणारा त्या घडीला जागा असतो का? गाढ झोपेतून दचकून उठलेल्या माणसाचं डोकं काही मिनिटं, कधी अर्धा तासही, धड चालत नाही. अशा वेळी माणूस स्वतःच्या पोराला परक्या नावानं हाक मारतो. त्याच माणसाच्या हातात चापाला बोट लागेल असं भरलेलं हत्यार द्यायचं आणि अंधारात समोरचा चोर की सून, हे ठरवायला सांगायचं.

शिवाय आपल्याकडचे चोर काय नेतात, हे नाना सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. मोटारीची केबल नेतात, स्टार्टर नेतात, तुषारचे पाइप नेतात, हळदीला भाव आला की शिजवून वाळत घातलेली हळद आखाड्यावरून पोत्यानं नेतात. यातलं काहीही उशीखाली नसतं. नानांच्या उशीखाली चोराला नेण्याजोगी एकच वस्तू होती, ती बंदूक. तिच्यासाठी नाना जागे राहत आणि नानांसाठी घर.

गावात राज्य राखीव दलातून निवृत्त झालेले एक जमादार आहेत. हिंगोलीच्या बारा नंबर गटात त्यांची नोकरी झाली. त्यांना नाना 'आमच्या लाइनीतला माणूस' म्हणतात. जमादार हसत नाहीत. एकदा न राहवून ते म्हणाले, "नाना, नोकरीभर हत्यार वागवलं. ड्युटी सुटली की मोजून शस्त्रागारात जमा, वहीवर सही. उशाला घेऊन कुणी झोपला असता तर सकाळी नोकरी गेली असती. ज्याचं पोट बंदुकीवर, तो ती जमा करून झोपतो. तुमचं पोट हळदीवर, अन् तुमी घेऊन झोपता!" नाना म्हणाले, "तुमची सरकारी व्हती. ही घरची हाय." घरच्या वस्तूचा धोका घरालाच जास्त, हे जमादारांनी पुढं सांगितलं, पण तोवर नाना इसापूरवर आले होते.

जमादारांनी आणखी एक गोष्ट दाखवली होती. नानांचा सगळा विश्वास त्या मागच्या सरकत्या खटक्यावर. "खटका मागं हाय, म्हणजी बंदूक झोपली." बंदूक झोपत नसते. या बनावटीच्या दुनाळीत ती मोडून मिटली की आतले हातोडे ताणले जातात, आणि बहुतेक बंदुकींत खटका फक्त चाप अडवतो, हातोडे ताणलेलेच राहतात. जुनी, झिजलेली बंदूक बाजेवरून फरशीवर आदळली तर चापाला बोट न लागताही बार होऊ शकतो. आणि नाना झोपेत कूस बदलतात. एका रात्रीत दोनदा गोधडी खाली पडते, तिसऱ्यांदा स्वतः नाना.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं, पण 2024 साली लोकसभेची निवडणूक आली. मार्चच्या मध्याला आचारसंहिता लागली आणि परवानाधारकांनी हत्यारं जमा करावीत, असा ठाण्यातून निरोप आला. नाना धुतलेलं धोतर नेसून, बंदूक खोळीत घालून, नातवाच्या मोटारसायकलवर मागं बसून गेले. ठाण्यात आणखी तीन-चार गावचे नाना आलेले होते. प्रत्येकाची मिशी, प्रत्येकाची खोळ, प्रत्येकाचा रझाकार. हवालदारांनी वही उघडली, नंबर ताडून पाहिला आणि नानांची बंदूक मोडून खिडकीच्या उजेडाकडं धरली. डाव्या नळीतून गोल उजेड दिसला. उजव्या नळीतून काहीच दिसलं नाही.

हवालदारांनी डोळा चोळला, पुन्हा पाहिलं. मग सायकलची तार मागवून तोंडाकडून घातली. आतून वाळक्या मातीचा एक गड्डा सुटून टेबलावर पडला, फुटला, आणि त्यातून चार-पाच अळ्या आणि वाळलेले कोळी निघाले. कुंभारमाशीनं नळीत घर केलं होतं. बंदूक दिवसभर खुंटीला तोंड वर करून टांगलेली, भोक अंगठ्याएवढं. माशीला याहून चांगली जागा कुठली मिळणार? नाना रोज मागून काडतूस घालत होते, पुढून कधी डोकावले नव्हते.

"नाना," हवालदार म्हणाले, "हा बार काढला असता तर छर्रे चोराकडं गेलेच नसते. नळी इथंच फाटली असती." आणि त्यांनी नानांचा डावा हात जिथं असतो तिथं बोट ठेवलं. नळी तुंबलेली असताना बार केला की ती फुटू शकते आणि तीही धरणाऱ्याच्या हातात. बाकीचे नाना पुढं सरसावून बघत होते. मग एकेकानं गुपचूप आपापली बंदूक खिडकीकडं धरून पाहिली.

बंदूक ठाण्यात गेली आणि घरात दोन बदल झाले. नानींचं अंथरूण माजघरात परत आलं आणि पाच वर्षांच्या नातीनं आजोबांच्या बाजेवरची आपली जुनी जागा बळकावली, उशीच्या डाव्या बाजूची. बंदुकीची जी जागा होती, तीच.

आमचा भाग जमिनीतल्या आवाजांसाठी प्रसिद्ध आहे. पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांत कितीतरी वर्षांपासून जमिनीतून गुडगुड होते, भांडी वाजतात, लोक बाहेर येतात, अधिकारी येऊन घाबरू नका म्हणून जातात. लोक घाबरतात, कारण किल्लारीचा 1993 च्या सप्टेंबरातला भूकंप मराठवाड्यात कुणी विसरलेलं नाही. 21 मार्च 2024 ला पहाटे सहाच्या सुमारास मोठा धक्का बसला, 4.5 तीव्रतेचा. केंद्र हिंगोली जिल्ह्यातच. माळवदाची माती सरसर गळली. नाना दचकून उठले, डावा हात सवयीनं उशीकडं गेला आणि हाताला नात लागली. तिला तशीच उचलून, चष्मा नाही, मशीन नाही, कवळी नाही, नाना अंगणात येऊन उभे राहिले. गल्लीत सगळ्यांच्या आधी. दुसरा, लहान धक्का बसला तेव्हा पोरगी आजोबांच्या खांद्यावर झोपलेली होती. महिनाभर गावात नानांचं नाव निघत होतं, आणि पहिल्यांदाच ते बंदुकीशिवाय निघत होतं.

26 एप्रिलला हिंगोलीचं मतदान झालं, जूनमध्ये निकाल लागला, बंदूक परत आली. नळी साफ केलेली, तेल दिलेलं, आता पूर्ण कामाची. त्याच रात्री 'खट्' झालं. नात आईजवळ गेली, नानी बळदामागं गेल्या.

10 जुलै 2024. सोयाबीन नुकतं वर आलं होतं, रात्रभर रोह्यांपासून राखण करून नाना पहाटे आखाड्यावरून येऊन आडवे झाले होते. सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा जमीन हलली, पुन्हा 4.5. घरातली सगळी बाहेर पळाली. सुनेनं पोरीला उचललं, नानींनी देव उचलले, नातवानं मोबाइल उचलला. नानांचा डावा हात उशीकडं गेला आणि जे होतं ते घेऊन नाना बाहेर आले. अंगणाच्या मधोमध, लाल डोळे, भरलेली दुनाळी खांद्याला. आता नेम कुणावर धरायचा? आवाज खालून आला होता, म्हणून नानांनी तोंड खाली केलं आणि पृथ्वीवर नेम धरून उभे राहिले. नळ्यांची तोंडं आणि उजव्या पायाचा अंगठा यांत वीतभर अंतर. गल्ली भूकंप विसरून नानांकडं बघू लागली. कुणी पुढं जाईना. शेवटी नानी माजघरातल्या आवाजात म्हणाल्या, "अहो, गेला तो. ठेवा खाली." नानांनी ठेवली. नानी नंतर सुनेला एवढंच म्हणाल्या, "मार्चात पोरगी घेऊन आले, आता बंदूक घेऊन. उशाशी जे असतंय तेच माणूस उचलतंय."

आणि मग 1 ऑक्टोबरला मुंबईहून बातमी आली. अभिनेता गोविंदा पहाटे कोलकात्याला निघण्याच्या तयारीत होता. परवान्याचं रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटलं, गोळी सुटली आणि डाव्या पायात घुसली. ती शस्त्रक्रिया करून काढावी लागली. दिवसभर टीव्हीवर तेच. नानांनी संध्याकाळी पारावर निकाल दिला, "बगा! कपाटात ठेवाया गेला म्हणून लागली. उशीखाली ठिवली असती तर लागली असती का?"

पारावर दोघा-तिघांनी मानाही डोलावल्या. हे नानांचं बळ आहे. त्यांच्या तर्काला बाहेरून धक्का लागत नाही. घरी मात्र सून भाजी निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "मामा, कपाटानं न्हाई मारलं. आत गोळी व्हती म्हणून लागलं. रिकामं असतं तर नुसतं पायावर पडलं असतं, अन् अंगठा सुजला असता." नानांनी उजव्या अंगठ्याकडं पाहिलं. काही बोलले नाहीत.

पुढं दहा-अकरा दिवसांत खंडेनवमी आली. दरवर्षी या दिवशी विळे, खुरपी, कुऱ्हाड, ट्रॅक्टरचा पाना आणि सगळ्यांच्या वर बंदूक मांडून नानी पूजा करतात. हळदकुंकू वाहताना थोडं नळीत पडायचंच. कुंभारमाशीच्या आधी त्या नळीत वसमतची हळद राहायला होती. या वर्षी नानींनी ताट खाली ठेवलं. "आधी उघडून दाखवा. मग कुंकू." नानांनी बंदूक मोडली. नानींनी ती उजेडाकडं धरायला लावली, एकेका नळीतून डोकावल्या, दोन्हीकडं गोल उजेड दिसल्यावर दस्त्याला कुंकू लावलं, नळ्यांना नाही. मग म्हणाल्या, "आता काडतुसं कुठं हायत ते दाखवा." नानांच्या कोपरीच्या खिशात होती. नानींनी हात पुढं केला नाही. परवाना नानांचा, ताबाही त्यांचाच पाहिजे, हे जमादारांनी त्यांना सांगून ठेवलं होतं. त्यांनी फक्त भिंतीकडं बोट दाखवलं. तिथं मुलानं हिंगोलीहून आणलेलं लोखंडी कपाट भिंतीला बोल्टनं जखडून उभं होतं आणि पलीकडं, वेगळ्या कुलपाची पेटी.

नाना त्या दिवशी जेवताना बोलले नाहीत. दसऱ्याला सोनं वाटायला बाहेर पडले तेव्हा मात्र करदोड्याला दोन किल्ल्या वाजत होत्या, आणि पारावर गोष्ट सुरू झाली होती, "सरकारी नियमच हाय तसा. मपल्यासारख्या माणसाला ठिवावंच लागतंय." नियम आहेच. 2016 च्या शस्त्र नियमांनी परवाना मागणाऱ्याकडून हाताळणीचं प्रशिक्षण आणि सुरक्षित ठेवण्याची हमी, दोन्ही मागितली आहेत. नानांचा परवाना जुना, म्हणून हे शिक्षण त्यांना हवालदार, कुंभारमाशी, भूकंप, गोविंदा आणि नानी अशा पाच गुरूंकडून घ्यावं लागलं. दसऱ्यानंतर दोन-तीन दिवसांत विधानसभेची आचारसंहिता लागली. नानांनी बंदूक रिकामी, मोडलेल्या अवस्थेत ठाण्यात नेली आणि हवालदारांनी उजेडाकडं धरायच्या आधी स्वतःच धरून दाखवली.

तुमच्या घरात एखादे नाना असतील तर त्यांच्याशी वाद घालू नका, वादात ते हरत नाहीत. एवढंच करून घ्या: झोपण्यापूर्वी बंदूक उघडून दोन्ही नळ्यांतून उजेड पाहायचा, रिकामी बंदूक कपाटात, काडतुसं वेगळ्या कुलपात, किल्ल्या परवानाधारकाच्या करदोड्याला. घरात ठेवणं नकोच असेल तर परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे ती रीतसर ठेवता येते. आणि उशाशी बॅटरी, चष्मा, काठी ठेवा. जागा उरली तर नातीला झोपू द्या.